लडाखमधला शाम भाग : आईसोबत, गावातल्या घरांत राहून

लडाखला जाऊन आलो म्हटलं की सगळे आधी पँगाँग आणि खारदुंगलाचं विचारतात, आम्ही दोन्ही केलं नाही. आईची अट एकच होती, हॉटेलात राहायचं नाही, माणसांच्या घरात राहायचं. आमच्याकडे धुळ्याला घरात रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होतं, लहानपणापासून ऐकत आलेय, आणि शाळेतून रिटायर झाल्यापासून आईच्या डोक्यात एकच होतं की आपल्या लोकांनी 1956 ला धम्म घेतला, पण जिथे तो हजार वर्षं घराघरात आहे तिथली माणसं सकाळी उठून काय करतात, स्वयंपाक कसा करतात, पाणी कसं वापरतात हे एकदा बघायचंय. मठ नंतर, आधी घर. म्हणून लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या काठाने जी गावं आहेत, त्या भागाला शाम म्हणतात, तो ठरवला. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तिमिसगाम आणि शेवटी आल्ची. ऑगस्टचा शेवटचा आठवडा.

पहिले दोन दिवस : लेह

लेह साधारण 3500 मीटरवर आहे आणि विमानाने आपण एकदम तिथे जाऊन पडतो, त्यामुळे पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आम्ही ते पाळलं. आईचं डोकं पहिल्या रात्री जड होतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं. भरपूर पाणी, गरम सूप, जिना हळू चढायचा, बस्स.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात एक चक्कर मारली. तिथे फुटपाथवर गावातल्या बायका भाजी घेऊन बसतात, मुळा, सलगम, पालक, जर्दाळू. आम्ही पिशवी न्यायला विसरलो नव्हतो ते बरं झालं कारण प्लॅस्टिकची पिशवी कोणी देत नाही, बाजूच्या बाईने सांगितलं की ही बंदी 1990च्या दशकातच आली आणि ती आणायला लेहच्या बायकांच्या संघटनेने जोर लावला होता. आईने तिथल्या तिथे तिच्याशी हिंदीत गप्पा सुरू केल्या, दोघी निवृत्त शिक्षिका निघाल्या, मग काय विचारता.

गेस्टहाऊसच्या मालकाने एक गोष्ट सांगितली ती पुढे प्रत्येक गावात आठवत राहिली. लेहमध्ये पाऊस नावालाच पडतो, पाणी येतं ते वर डोंगरातलं बर्फ वितळून. पूर्वी सगळ्यांकडे कोरडे संडास होते, आता हॉटेलं वाढली, फ्लश आले, बोअर झाले आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात. आपण पाहुणे म्हणून आंघोळीला दोन बादल्या मागतो तेव्हा ते पाणी कुठून येतं ते इथे डोळ्याने दिसतं.

जाणाऱ्यांसाठी : बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. रोख लेहमधूनच काढून घ्या. शाममधल्या या गावांना भारतीयांना परमिट लागत नाही. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, स्वतःची स्टीलची बाटली ठेवा, होमस्टेत उकळलेलं पाणी भरून देतात.

तिसरा दिवस : लिकीर

लेहहून टॅक्सीने निघालो, वाटेत निम्मूला सिंधू आणि झांस्करचा संगम लागतो, वरून दोन्ही नद्यांचे रंग वेगळे दिसतात, तिथे दहा मिनिटं थांबलो. हायवे सोडून उजवीकडे वळलं की लिकीर. गावात शिरताना मठाशेजारी उघड्यावर बसलेला मैत्रेय बुद्ध लांबूनच दिसतो, 23 मीटर उंच, 1999 मध्ये पूर्ण झालेला.

घर दोन मजली, मातीचं, खाली गुरं आणि चारा, वर माणसं. घरात आबिले म्हणजे आजी, सूनबाई, जिला सगळे आमाले म्हणजे आई म्हणतात, तिचा नवरा आणि सहावीतली मुलगी. तिकडे नात्याला आणि नावाला पुढे ले लावतात, आईलाही पहिल्या तासातच सगळे आमाले म्हणायला लागले. स्वयंपाकघर हीच बसायची खोली. मधोमध लोखंडी चूल, भिंतीभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली, खाली गालिचे आणि बुटकी टेबलं. चहा आला तो गुरगुर चहा, मीठ आणि लोणी घातलेला. मला पहिल्या घोटाला जमला नाही, दुसऱ्या कपाला आवडला, त्या कोरड्या हवेत ओठ फुटतात तिथे हाच चहा बरा वाटतो. जरा प्यायलो की आबिले लगेच वरून भरायची, कप रिकामा होऊच द्यायची नाही.

जेवायला सातूचं पीठ, त्याला ते ङम्फे म्हणतात. भाजलेल्या जवाचं पीठ वाटीतल्या चहात घालून बोटाने मळायचं, गोळा करायचा, खायचा. आबिलेने शेवटचा गोळा वाटीच्या आतून फिरवला, कडेला राहिलेलं पीठ, लोणी सगळं त्याला चिकटलं, तो खाल्ला. वाटी कोरडी लख्ख. धुवायला ओंजळभर पाणी पुरलं.

संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे पर्समधला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून ठेवला आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि ऐकल्यावर आबिलेने चुलीपाशी बसल्या जागी हात जोडले, मग तिने तिचं म्हटलं. त्यांच्यात आधी लामांना शरण जातात, मग बुद्ध, धर्म, संघ. तिने फोटोकडे बोट करून हे कोण विचारलं, तर आम्ही सांगायच्या आत नातच म्हणाली, संविधानवाले, आमच्या पुस्तकात आहेत. आईचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. मग नातीला मध्ये बसवून आईने नागपूरची दीक्षा, 14 ऑक्टोबर, सगळं सांगितलं, नात लडाखीत करून आजीला सांगत होती, आजी मध्येच चूल सारायची पण कान इकडेच.

चौथा दिवस : लिकीर, सकाळ

हा भाग मला नीट लिहायचाय कारण सगळ्या ट्रिपमध्ये मला हे सगळ्यात आत लागलं.

पहाटे साडेपाचला आई उठली म्हणून मीही उठले. देवघर म्हणजे छोखांग, घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वच्छ, मंद तुपाचा वास. आबिले आधीच तिथे होती. तिच्यापुढे पितळेच्या सात वाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. एकेक उचलून कोरड्या फडक्याने पुसली. पहिल्या वाटीत पाणी घेतलं, त्यातलं थोडं तळाशी ठेवून बाकीचं दुसरीत ओतलं, तसंच दुसरीतून तिसरीत, म्हणजे रिकामी वाटी बुद्धापुढे ठेवली जात नाही. मग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडल्या, दोन वाट्यांमध्ये जवाच्या एका दाण्याइतकं अंतर. आणि मग पुन्हा पहिल्यापासून भरत गेली, सावकाश, बारीक धारेने, काठापासून पुन्हा एक दाणा खाली राहील इतकंच. सांडायचं नाही, काठोकाठही नाही. तोंडाने जप चालू, पण डोळे पाण्यावर.

मी विचारलं पाणीच का, फुलं, फळं, दिवे का नाही. सूनबाईने सांगितलं की दिवाही असतो, पण पाणी सगळ्यांकडे असतं, देताना जीव अडकत नाही, गरीबही तेवढंच देऊ शकतो जेवढं श्रीमंत. संध्याकाळी उलट दिशेने, उजवीकडून, वाट्या रिकाम्या करायच्या, ते पाणी झाडांना, वाट्या पुसून पालथ्या. रोज. घरात कोणी नसेल तर शेजारीण येऊन करते.

जिथे प्यायचं पाणी लांबच्या ओढ्यावरून आणायची पिढ्यान् पिढ्या सवय, तिथे पहिलं पाणी असं हाताळतात. आई काही बोलली नाही, दुसऱ्या वाटीपासून तिने फडकं हातात घेतलं. तिने मांडलेल्या वाट्यांमध्ये अंतर जास्त झालं तर आबिलेने एका बोटाने वाटी सरकवली, पुढच्या वाटीला आई बरोबर.

नंतर मठात गेलो. प्रार्थना झाली, छोटे छोटे भिक्खू मुलगे मोठाल्या किटल्या घेऊन चहा वाढत पळत होते. छान वाटलं, पण आईचं मन घरातच होतं.

संडासाबद्दल एकदाच लिहिते कारण लोक विचारायला लाजतात. कोरडा संडास असतो, वरच्या मजल्यावर जमिनीत चौकोनी भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची. वास येत नाही, खरंच. खालच्या खोलीत वर्षभरात खत तयार होतं आणि ते शेतात जातं, चुलीतली राखसुद्धा अशी कामी येते. त्यात प्लॅस्टिक, पॅड, वेट वाइप्स अजिबात टाकू नका, ते शेतात जाणारं आहे, वेगळ्या पिशवीत घालून लेहला परत न्या. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी कमोडची सोय विचारून घ्या.

पाचवा दिवस : यांगथांगहून चालत हेमिस शुकपाचन

लिकीरहून चालत यायचा पूर्ण रस्ता आईला झेपला नसता, म्हणून यांगथांगपर्यंत गाडी केली आणि तिथून पुढे चाललो, साधारण तीन तासांची वाट, आम्हाला साडेचार लागले. झाड नाही, सावली नाही, ऊन भाजतं आणि ढग आला की लगेच थंडी. टोपी, सनस्क्रीन, दोन लिटर पाणी, पातळ जॅकेट हे चार हवेतच. खिंडीत दगडांचा ढीग आणि पताका. वाटेत मणी भिंती लागतात, ॐ मणि पद्मे हुं कोरलेले दगड रचून केलेल्या, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

गाव दिसलं ते वरून, सगळ्या तपकिरी रंगात एकच पिवळा-हिरवा तुकडा. जवाची कापणी चालू होती. शेतात सात-आठ जण ओळीने बसून विळ्याने कापत होते आणि गात होते, एक म्हणायचा, बाकीचे मागून. आमची होमस्टेवाली आमालेही तिथेच, तिने लांबूनच जुले, म्हणजे तिकडचा नमस्कार, करून हाक मारली आणि घराची किल्ली उंबऱ्यावर दगडाखाली आहे असं सांगितलं! आम्ही सामान ठेवून परत शेतात आलो. कापलेल्या पेंढ्या आईने बांधून दिल्या, तिचा हात अजून विसरलेला नाही.

शेतात छांग आली, जवाची बिअर. आई पंचशील पाळते, तिने हात जोडून नको म्हटलं. तिकडे दोन-तीनदा नाही म्हणणं ही रीतच असते, त्यामुळे त्यांना वाटलं ही रीत पाळतेय, पुन्हा पुन्हा आग्रह. शेवटी आईने पाचवं शील म्हणून दाखवलं, तर एक मेमेले, आजोबा, मान डोलवून म्हणाले, लामाजी पण हेच सांगतात, आणि आईसाठी ताक मागवलं.

रात्री स्क्यू केलं होतं. कणकेचे छोटे गोळे अंगठ्याने दाबून भाज्यांच्या रश्श्यात शिजवतात. मुलं पण करायला बसली, मीही बसले. मांसाचा विषय मीच काढला, कारण मला प्रश्न होता. आमाले सरळ बोलली. हिवाळ्यात इथे काही उगवत नाही, मांस खावं लागतं, पण मग लहान जीव मारत नाहीत, मासे कोंबड्या शक्यतो नाही, एक मोठं जनावर, ज्यावर बरेच दिवस बरीच माणसं जगतात, आणि त्याच्यासाठी प्रार्थना. पटो न पटो, पण त्यांनी हा विचार करून ठेवलाय, टाळलेला नाही. आई रात्री अंथरुणात म्हणाली, "अगं, पहिलं शील, जीव न मारण्याचं, आपण किती पटकन म्हणून टाकतो."

गावाच्या वरच्या बाजूला शुक्पाची, म्हणजे ज्युनिपरची, जुनी झाडं आहेत, गावाचं नावच त्यावरून. ती पवित्र मानतात, तोडत नाहीत. सकाळी घरोघरी धूर करतात त्या वासाने जाग येते.

सहावा आणि सातवा दिवस : तिमिसगाम

तिमिसगाम खाली आहे, झाडं भरपूर, जर्दाळू, सफरचंद, अक्रोड. इतिहास आवडणाऱ्यांना सांगते, 1684 चा लडाख-तिबेट तह इथलाच, वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. आम्ही चढलो नाही कारण पाऊस आला.

लडाखमध्ये पाऊस म्हणजे काय ते कळायला तिथे असावं लागतं. घरांची छपरं सपाट मातीची आणि त्यावर जर्दाळू वाळत घातलेले. पहिले थेंब पडले तशी अख्खी गल्ली छपरावर. आम्हीही चढलो, टोपल्या, चादरी, ताटं, मिळेल त्यात जर्दाळू भरायचे आणि खाली पास करायचे, शेजारच्या छपरावर एकटी म्हातारी होती तर आमच्या घरातला मुलगा आधी तिच्याकडे धावला आणि मग आमच्याकडे आला. छत दोन ठिकाणी गळायला लागलं, खाली पातेली लावली. कोणी आरडाओरडा केला नाही, पण चेहरे गंभीर होते. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्रीची ढगफुटी इथल्या प्रत्येकाला आठवते, पाऊस लांबला की माणसं ओढ्याचा आवाज ऐकत बसतात. तासाभराने थांबला. मग त्याच शांतपणे सगळे जर्दाळू परत निवडायला बसलो, ओले वेगळे, ते लगेच उकळून ठेवायचे. बिया फोडून आतल्या गराचं तेल काढतात, कवच चुलीत. फेकायला काही उरतच नाही.

सातव्या दिवशी सकाळी आईला हवी होती ती गोष्ट आपणहून समोर आली. आमच्या आबालेंची, म्हणजे घरातल्या बाबांची, भाजीला पाणी द्यायची पाळी होती. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने गावात आणतात, पाटाला युरा म्हणतात, रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तळ्यात साठवतात, ते झिंग. आणि कोणाच्या शेताला कधी किती पाणी हे बघायला गावाने नेमलेला माणूस, छुरपोन. हे काम घराघरात फिरतं. आईने ऐकलं आणि ती बांधावर बसूनच राहिली. तिचे वडील, माझे नाना, पांझरेवरच्या फडात पाटकरी होते. आमच्या धुळ्याकडे फड पद्धतीत असंच, बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात फिरवायचं आणि पाटकरी सांगेल त्या क्रमाने. नाना घड्याळ न बघता उन्हावरून पाळी सांगायचे.

आईने विचारलं, भांडणं होत नाहीत का? आबाले म्हणाले, होतात की, पाणी कमी असलं की होतातच. पण छुरपोनने सांगितल्यावर रात्री कोणी चोरून पाट फोडत नाही. का, तर खालच्याचं पाणी घेतलं की ते न दिलेलं घेणं झालं. आईने लगेच म्हटलं, अदिन्नादाना. दुसरं शील. त्यांना पाली कळलं नाही, पण ते हसले.

मग त्यांनी खोऱ्याने मातीचा बांध उघडला. पाणी वाफ्यात शिरलं, ते कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर उभे राहिले, मोबाईल नाही, बोलणं नाही, एका ठिकाणी पाणी फुटत होतं तिथे पायाने माती दाबली, शेवटचा वाफा भिजला तसा बांध बंद, आणि खालच्या शेतातल्या बाईला हाक. ती तयारच उभी होती.

आमचं राहणं-जेवण धरून माणशी दिवसाला दीड हजाराच्या आसपास पडलं. घरून काही न्यायचं असेल तर मुलांना वह्या-पेन्सिली न्या, चॉकलेटचे कागद तिथेच पडतात. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती खंबीर नावाच्या तिकडच्या जाड रोटीबरोबर सगळ्यांनी संपवली.

आठवा दिवस : आल्ची

आल्चीचं मंदिर अकराव्या-बाराव्या शतकातलं, बाहेरून साधं, आत फोटो काढायला बंदी, आणि ते बरंच आहे. त्यातल्या सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या भल्यामोठ्या मूर्ती, प्रत्येकाच्या धोतरावर चित्रं रंगवलेली. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र आहे. आत अंधार, टॉर्च घेऊन जा. आई खाली बसून एकेक प्रसंग ओळखत होती, हा जन्म, हे घर सोडणं, आणि राखणीला असलेले भिक्खू, हे मंदिर लिकीरच्याच मठाकडे आहे, तेही शेजारी येऊन बसले आणि जिथे आई अडली तिथे सांगायला लागले. जेवायची वेळ टळून गेली तरी त्यांनी दार लावलं नाही.

जेवलो आल्ची किचनमध्ये, बायकाच चालवतात, छुतागी मागवा, कणकेच्या छोट्या होड्यांसारखं असतं, आणि उघडं स्वयंपाकघर असल्यामुळे करताना बघता येतं. तिथून संध्याकाळी लेह.

परतीचं विमान हवामानामुळे रद्द होऊ शकतं, एक दिवस हातात ठेवा, विशेषतः सोबत वयस्कर माणूस असेल तर.

लिकीरच्या आबिलेने निघताना आईला सांगितलंय की हिवाळ्यात ये, तेव्हा शेतं झोपलेली असतात, आम्ही चुलीपाशी लोकर कातत बसतो, बोलायला वेळ असतो. आईने ते मनावर घेतलंय आणि रोज विचारते तिकिटांचं काय झालं. जानेवारीत साठीच्या आसपासच्या कोणाला घेऊन कोणी लेहच्या पुढे गावात राहिलं असेल तर थंडीची आणि श्वासाची काय तयारी केली ते नक्की लिहा, मला त्याची खरंच गरज आहे.